किशोरवयीनांच्या दिनलयीचे सांख्यिकीय मॉडेल : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मनगटावर बांधलेल्या ॲक्टिग्राफमधून आठवडाभराची नोंद उतरवून घेतली, की एका मुलाची १०,०८० मिनिटे एका लांबलचक रकान्यात आपल्यापुढे येतात. दर मिनिटाला एक आकडा आणि त्या मिनिटात मनगट किती हलले एवढेच तो आकडा सांगतो. या रकान्यातून मूल कधी उठते, कधी निजते, त्याचा दिवस किती नियमित आहे आणि वय वाढते तशी ही लय कशी सरकते हे काढायचे आहे. हा लेख ज्यांना सरासरी, प्रमाण विचलन आणि साधे रेषीय समाश्रयण येते, पण लयीचे मॉडेल कधी बसवलेले नाही अशांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक पायऱ्या तिच्याभोवतीच फिरतात. किशोरवयीन मुलाला एक दिनलय नसते, दोन असतात. एक शाळेच्या दिवसाची आणि एक सुट्टीच्या दिवसाची. या दोन्हींची सरासरी काढली, तर जो दिवस मिळतो तो त्या मुलाने कधीही जगलेला नसतो.

त्यामागचे जीवशास्त्र थोडक्यात असे. मेरी कार्सकॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहावीतल्या मुलांचा अभ्यास करून दाखवले, की पौगंडावस्था पुढे सरकते तसा मुलांचा कल उशिरा झोपण्या-उठण्याकडे झुकतो. टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये हा कल किती वर्षे टिकतो ते मांडले. उशिरा निजण्याची ओढ विशीच्या आसपास शिगेला पोहोचते आणि मग उलट फिरते. मुलींमध्ये हे वळण साधारण १९.५ वर्षांना येते, तर मुलांमध्ये २०.९ वर्षांना. शाळेची घंटा मात्र या सरकण्याची वाट पाहत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार मूल घड्याळाच्या गजरावर उठते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या शरीरावर. या तफावतीला २००६ पासून ‘सामाजिक जेटलॅग’ म्हणतात.

पहिली पायरी : सरावासाठी योग्य नोंदी निवडा

स्वतःच्या शाळेतून नोंदी गोळा करण्याआधी खुल्या नोंदींवर हात बसवून घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण परीक्षण सर्वेक्षणाच्या, म्हणजे ‘एनहेन्स’च्या, २०११-१२ आणि २०१३-१४ या दोन फेऱ्यांमध्ये सहभागींनी कमी वापरातल्या हाताच्या मनगटावर यंत्र सात दिवस, रात्रंदिवस बांधले होते. यंत्र सेकंदाला ८० वेळा त्वरण मोजत होते, आणि त्यातून प्रत्येक मिनिटाचा ‘मिम्स’ नावाचा एक आकडा काढून खुला करण्यात आला आहे. मिनिटवार फाइलचे नाव ‘पॅक्समिन’ असे आहे. ती काही जीबी एवढी मोठी असल्यामुळे ती पूर्ण न उघडता फक्त १० ते १९ वयोगटातल्या सहभागींच्या ओळी गाळून घ्याव्यात.

याच सर्वेक्षणाच्या २००३ ते २००६ या फेऱ्याही पुष्कळांना सापडतात आणि त्या आकाराने सोप्या असल्यामुळे मोह होतो. त्या घेऊ नयेत. तेव्हाचे यंत्र कमरेला लावायचे होते आणि झोपताना काढून ठेवायचे होते. ज्या नोंदीत रात्रच नाही, तिच्यावरून दिनलय काढता येत नाही.

खुल्या नोंदींची एक मर्यादा किशोरांच्या बाबतीत विशेष टोचते. गोपनीयतेसाठी परीक्षणाची तारीख दिलेली नाही. नोव्हेंबर ते एप्रिल आणि मे ते ऑक्टोबर अशी फक्त दोन सहामाहींची खूण आहे. अमेरिकेतली उन्हाळ्याची सुट्टी दुसऱ्या सहामाहीत पडते, पण ती सहामाही पूर्ण सुट्टीची नसते. म्हणजे त्या सहामाहीतला ‘मंगळवार’ शाळेचा होता की सुट्टीचा, हे आपल्याला सांगता येणार नाही. शाळेच्या दिवसांबद्दल विधान करायचे असेल तर निदान पहिले विश्लेषण नोव्हेंबर ते एप्रिलच्या नोंदींपुरते ठेवावे.

दुसरी पायरी : घड्याळ तपासा

ही पायरी वगळण्याची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिला वेगळा मथळा दिला. पहिल्यांदा काढलेल्या आलेखात माझी मुले रात्री एक वाजता उठून बसली होती आणि संध्याकाळी साडेपाचला झोपत होती. दोन दिवस मी आज्ञावलीतली चूक शोधत होतो. चूक आज्ञावलीत नव्हती. यंत्र सुरू करताना लॅपटॉपचे घड्याळ ग्रिनिच वेळेवर होते, आणि सगळे काही साडेपाच तास मागे लिहिले गेले होते. सकाळी साडेसहाला उठणारे मूल त्यामुळे एक वाजता उठत होते. पाच-साडेपाच तासांची चूक निदान डोळ्यांना दिसते. अर्ध्या तासाची चूक दिसत नाही आणि ती थेट निष्कर्षात जाऊन बसते.

महाराष्ट्रात नोंदी घेणार असाल तर सूर्याचे घड्याळही लक्षात घ्यावे लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईतला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो, तर गोंदियातला जेमतेम ९ मिनिटे. एकाच राज्यात, एकाच सातच्या शाळेसाठी, पहाट जवळपास अर्धा तास पुढे-मागे होते. दोन जिल्ह्यांची तुलना करणाऱ्या मॉडेलमध्ये रेखांश नसेल, तर सूर्यामुळे पडलेला फरक आपण जिल्ह्याच्या नावावर खपवतो.

तिसरी पायरी : न घातलेला वेळ बाजूला काढा

सलग शून्ये दिसली की एक तर मूल गाढ झोपले आहे किंवा यंत्र टेबलावर पडले आहे. फार वापरले जाणारे दोन नियम आहेत. त्रोयानो यांच्या नियमानुसार सलग ६० मिनिटे शून्ये आली, तर यंत्र घातलेले नव्हते असे मानतात. चोई यांच्या नियमात ही मर्यादा ९० मिनिटांची आहे. दोन्हीत अधूनमधून एक-दोन मिनिटांची हालचाल चालवून घेतात. हे नियम कमरेच्या यंत्रासाठी रचलेले होते, म्हणून मनगटाच्या नोंदींवर ते तसेच लावण्याआधी काही मुलांचे आलेख डोळ्यांनी पाहावेत. एनहेन्सच्या फाइलमध्ये प्रत्येक मिनिटाला जागे, झोपलेले, न घातलेले किंवा अनिश्चित अशी खूण आधीच दिलेली आहे. नवख्याने सुरुवातीला तीच वापरावी.

मुले यंत्र केव्हा काढतात याचाही विचार करावा. पोहताना, कबड्डीच्या सरावाला किंवा कराटेच्या वर्गात यंत्र काढायला लावतात, म्हणजे नेमकी सर्वांत जोराची हालचाल नोंदीतून गळते. अशा रिकाम्या जागा त्या मुलाच्या इतर दिवसांच्या त्याच वेळेच्या सरासरीने भरण्याचा प्रघात आहे. पण रोज संध्याकाळी सहा ते सात यंत्र काढणाऱ्या मुलाच्या बाबतीत भरायला काहीच उरत नाही, आणि हा सर्वांत चपळ मुलगा कागदावर सुस्त ठरतो. मुलाकडून एक छोटी वही भरून घेतली, काढल्याची वेळ आणि कारण एवढेच, तर हा घोटाळा बराचसा टळतो.

झोपेबाबतही सावधगिरी हवी. यंत्र हालचाल मोजते, झोप नाही. अंथरुणात पडून एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा सरकवणाऱ्या मुलाचे यंत्र बांधलेले मनगट जवळपास स्थिर असते. झोप ओळखणारी सूत्रे त्याला झोपलेला समजतात. किशोरांच्या झोपेच्या वेळा म्हणूनच खऱ्यापेक्षा लवकरच्या निघण्याकडे कल असतो.

चौथी पायरी : दिवस कुठे कापायचा ते ठरवा

संगणक दिवस मध्यरात्री कापतो. मुलांची रात्र मध्यरात्री संपत नाही. शुक्रवारी रात्री दीड वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाची ती दीड तासांची जाग मध्यरात्रीच्या कापणीत ‘शनिवार’च्या खात्यावर जमा होते, आणि रविवारी रात्री उशीर केला तर तो ‘सोमवार’च्या शाळेच्या दिवसावर पडतो. म्हणून दिवस दुपारी १२ ते दुपारी १२ असा कापावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा आहे की नाही यावरून त्या रात्रीला नाव द्यावे. याचा दुसरा फायदा असा, की झोपेची वेळ दुपारी बारापासून मोजली की सरासरी शुद्धीवर राहते. नाहीतर रात्री ११.३० आणि १२.३० या दोन वेळांची सरासरी संगणक बिनदिक्कत दुपारचे बारा अशी देतो.

अमेरिकी नोंदींत शनिवार आणि रविवार एकत्र धरणे चालते. महाराष्ट्रात ते चालत नाही, कारण कित्येक शाळांमध्ये शनिवारी सकाळची शाळा असते. एरवी दुपारच्या सत्रात जाणारा मुलगा आठवड्यात त्या एकाच दिवशी पहाटे उठतो. इथे दिवसाचे निदान तीन प्रकार करावे लागतात : नेहमीचा शाळेचा दिवस, शनिवार आणि सुट्टी. सकाळची शिकवणी, जत्रा, सण, घरगुती परीक्षा हे सगळे ज्या त्या दिवशी वहीत टिपून घ्यावे.

पाचवी पायरी : कोसाइनर बसवा

आता पहिले मॉडेल. ‘सर्कॅडियन’, म्हणजे सुमारे एका दिवसाचा, हा शब्द देणारे फ्रान्झ हालबर्ग यांनीच ही पद्धत रुजवली. कल्पना साधी आहे. दिवसाची हालचाल २४ तासांच्या एका कोसाइन लाटेसारखी वर-खाली होते असे समजायचे आणि त्या लाटेच्या तीन गोष्टी शोधायच्या : लाट कोणत्या पातळीभोवती फिरते तो मेसॉर, किती वर चढते तो आयाम आणि केव्हा शिखर गाठते ती शिखरवेळ. शिखरवेळ कोसाइनच्या आत अडकलेली असल्यामुळे ती थेट काढता येत नाही. म्हणून प्रत्येक निरीक्षणाच्या, मध्यरात्रीपासून मोजलेल्या, वेळेचे कोनात रूपांतर करावे, एक तास म्हणजे १५ अंश, आणि त्या कोनाचा कोसाइन व साइन असे दोन नवे रकाने तयार करून साधे रेषीय समाश्रयण चालवावे. कोसाइनच्या सहगुणकाला ‘क’ आणि साइनच्या सहगुणकाला ‘ख’ म्हणू. क आणि ख यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे आयाम.

शिखरवेळेपाशी नवखे हमखास घसरतात, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा क = −५ आणि ख = −४ आले. आयाम म्हणजे ४१ चे वर्गमूळ, सुमारे ६.४. आता ख भागिले क म्हणजे ०.८, आणि त्याचा व्यस्त टॅन्जंट ३८.७ अंश, १५ ने भागल्यास २.५८ तास, म्हणजे रात्रीचे २ वाजून ३५ मिनिटे. मुलगा रात्री अडीचला सर्वांत जास्त धावपळ करतो असा हा निष्कर्ष! भागाकारात दोन्ही उणे चिन्हे एकमेकांना खाऊन गेली, आणि कोन चुकीच्या चतुर्थांशात पडला. दोन्ही सहगुणक उणे असतील तर कोन तिसऱ्या चतुर्थांशात असतो. १८० अंश मिळवले की २१८.७ अंश, म्हणजे १४.५८ तास, दुपारचे २ वाजून ३५ मिनिटे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चिन्हांसकट दोन्ही सहगुणक घेणारे वेगळे फलन असते. भागाकार न करता तेच वापरावे.

याच गणिताने सुरुवातीचे विधानही तपासून पाहता येते. समजा एका मुलाची शाळेच्या पाच दिवसांची लाट आणि सुट्टीच्या दोन दिवसांची लाट अगदी सारख्या आयामाच्या आहेत, फक्त सुट्टीची लाट तीन तास उशिराची आहे. सात दिवस एकत्र करून एकच कोसाइनर बसवला, तर आयाम सुमारे ६ टक्के कमी येतो, जणू मूलच मंदावले. आणि शिखरवेळ शाळेच्या दिवसापेक्षा ५० मिनिटे उशिरा, पण सुट्टीच्या दिवसापेक्षा २ तास १० मिनिटे लवकर पडते. मोठ्या वर्गातल्या मुलांचा सामाजिक जेटलॅग जास्त असेल, तर केवळ या बेरजेमुळे त्यांची ‘लय कमकुवत’ दिसेल. वयानुसार आयाम घटतो असा निष्कर्ष हाती आला तर आधी या शंकेचे निरसन करावे.

कोसाइनची लाट गोलसर आणि सममित असते. खऱ्या नोंदीत रात्र सपाट, सकाळ कड्यासारखी आणि दिवस पठारासारखा असतो. हालचालीच्या आकड्यांना एक मिळवून लॉगॅरिदम घेतल्याने उंच टोके आटोक्यात येतात. १२ तासांच्या लाटेची आणखी एक जोडी घातल्याने दुपारचा खड्डाही पकडता येतो. त्याहून पुढे मार्लर आणि सहकाऱ्यांचे २००६ चे विस्तारित कोसाइनर आहे, ज्यात दिवसाच्या पठाराची रुंदी आणि चढ-उताराचा तीव्रपणा हे वेगळे मोजता येतात. ते अरेषीय असल्यामुळे सुरुवातीची अंदाजित मूल्ये द्यावी लागतात, आणि एकाच दिवसाच्या नोंदीवर ते बरेचदा जुळतच नाही.

सहावी पायरी : लाट न मानता मोजणे

लाटेचे गृहीतक नको असेल तर विटिंग, वॅन सोमेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली अप्राचलीय मापे आहेत. सर्वांत शांत सलग पाच तासांची सरासरी आणि सर्वांत चपळ सलग दहा तासांची सरासरी काढावी. त्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की सापेक्ष आयाम मिळतो. शांत पाच तास केव्हा सुरू होतात, ही वेळ किशोरांच्या बाबतीत शिखरवेळेपेक्षा मला अधिक भरवशाची वाटते, कारण दुपारचे शिखर खेळाच्या तासाने सहज हलते, शांत रात्र तितकी हलत नाही. लागोपाठच्या तासांत किती हिसके आहेत हे अंतर्गत चंचलता सांगते. गुळगुळीत लाटेला ती शून्याजवळ येते आणि निव्वळ गोंगाटाला दोनच्या आसपास.

आंतरदैनिक स्थैर्य हे माप मात्र जपून वापरावे. एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा किती, हे ते शून्य ते एक या पट्टीवर सांगते. पण दिवस जितके कमी, तितके ते आपोआप फुगते. एकाच दिवसाची नोंद दिली तर उत्तर नेहमी १ येते, कारण तुलनेला दुसरा दिवसच नाही. तासवार आकडे घेऊन निव्वळ गोंगाटावर ते काढले, तर सात दिवसांना साधारण ०.१४ येते आणि दोन दिवसांना जवळपास ०.५. म्हणून सुट्टीच्या दोन दिवसांचे स्थैर्य शाळेच्या पाच दिवसांच्या स्थैर्याशी ताडून पाहणे निरर्थक आहे. दोन्हीकडचे दिवस सारखे घ्यावेत. मापे तासवार आकड्यांवर काढली की अर्ध्या तासाच्या, हेही अहवालात लिहावे, कारण त्यावर उत्तर बदलते.

सातवी पायरी : सगळी मुले एका मॉडेलमध्ये

प्रत्येक मुलाचा वेगळा कोसाइनर बसवून मग त्या उत्तरांची सरासरी काढणे समजायला सोपे आहे, पण तीन दिवसांची आणि सात दिवसांची नोंद त्यात सारख्याच वजनाची ठरते. सर्वांना समान आणि मुलागणिक बदलणारे असे दोन्ही परिणाम एकत्र धरणारे मिश्र परिणाम मॉडेल हे नीट सांभाळते. कोसाइन आणि साइन हे दोन रकाने, दिवसाचा प्रकार आणि त्यांचे गुणाकार हे सर्वांना समान परिणाम म्हणून घालावेत. पातळी, कोसाइन आणि साइन या तिन्हींना मुलागणिक बदलण्याची मुभा द्यावी. दिवसाच्या प्रकाराचा गुणाकार मुलागणिक बदलू दिला, तर प्रत्येक मुलाचा सामाजिक जेटलॅग त्याच मॉडेलमधून निघतो. वय महिन्यांत घ्यावे, एनहेन्समध्ये विशीखालच्यांसाठी ते तसे उपलब्ध आहे, आणि मुलगे व मुली यांना वयाची वेगवेगळी वक्ररेषा द्यावी, कारण मुली या वळणावर आधी पोहोचतात. लाटच नको असेल तर वेळेवर चक्रीय स्प्लाइन, म्हणजे तुकडे जोडून केलेली गुळगुळीत वक्ररेषा, लावावी. तिची दोन टोके ० आणि २४ वर बांधली जातात, त्यामुळे रात्री १२ वाजता वक्ररेषा तुटत नाही. आर भाषेतल्या ‘एमजीसीव्ही’ या पॅकेजमध्ये ही सोय आहे. कच्च्या त्वरणाच्या फाइल हाताळायला ‘जीजीआयआर’ आणि पायथन वापरणाऱ्यांना ‘पायॲक्टिग्राफी’ उपयोगी पडते.

प्रमाण त्रुटीच्या बाबतीत सॉफ्टवेअरवर विसंबून राहू नये. लागोपाठची दोन मिनिटे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे १०,०८० मिनिटे म्हणजे १०,०८० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, आणि सॉफ्टवेअर तसे मानून अगदी चिंचोळ्या मर्यादा देते. नोंदी अर्ध्या तासाच्या करून घ्याव्यात आणि बूटस्ट्रॅप करताना, म्हणजे नोंदींतून पुन्हापुन्हा यादृच्छिक नमुने उचलून त्रुटी मोजताना, मिनिटे नव्हे, तर पूर्ण मूल उचलावे. एनहेन्सवरून अमेरिकेबद्दल विधान करायचे असेल तर सर्वेक्षणाची वजने (एक सहभागी किती लोकांच्या वतीने धरायचा ते आकडे) आणि नमुना निवडतानाचे स्तर व गट यांचा वापर करावा. दोन फेऱ्या जोडल्यावर वजने निम्मी करावीत. स्वतःच्या नोंदींत एक सकाळची शाळा आणि एक दुपारची शाळा अशी तुलना असेल, तर प्रत्येकीतून शंभर मुले घेतली तरी ती तुलना शेवटी दोन शाळांची आहे, दोनशे मुलांची नाही.

आठवी पायरी : मॉडेलला काय विचारता येते ते ओळखा

नोंदी गोळा करणाऱ्याला पालक-शिक्षक हमखास विचारतात, की शाळा तासभर उशिरा भरली तर मुले जास्त झोपतील का. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळांना तो कायदाच झाला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नऊची मर्यादा घातली ती चौथीपर्यंतच्या वर्गांना. किशोरवयीन त्यात येत नाहीत. सकाळच्या आणि दुपारच्या सत्रातल्या मुलांची एकदाच घेतलेली तुलना या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण कोणते मूल कोणत्या सत्रात जाते हे घर, अंतर, शिकवणी आणि इयत्ता यांनी आधीच ठरलेले असते.

त्यासाठी तीच मुले दोनदा मोजावी लागतात. इयत्ता बदलताना ज्या शाळेत सत्रही बदलते, तिथे मार्चमध्ये एक आठवडा आणि पुढच्या जुलैत एक आठवडा नोंद घेता येते. मधल्या काळात मूल चार महिन्यांनी मोठे झालेले असते आणि उन्हाळ्याऐवजी पावसाळा आलेला असतो, म्हणून त्याच वयाची पण सत्र न बदललेली मुले शेजारच्या शाळेतून त्याच आठवड्यांत मोजावीत आणि मॉडेलमध्ये सत्रबदल व काळ यांचा गुणाकार घालावा. पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही वेळा वेगळा घ्यावा. यंत्रांची घड्याळे दोन्ही वेळा त्याच लॅपटॉपवरून लावावीत, आणि लावण्याआधी त्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी.